गामान आणि खंति : सोसण्याच्या एका आदर्शाची चिकित्सा

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ११ मार्च २०११ रोजी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यापाठोपाठ आलेल्या त्सुनामीने गावेच्या गावे धुऊन नेली. मृत व बेपत्ता यांची संख्या १८ हजारांच्या पुढे गेली. त्या दिवसांत जगभरच्या वृत्तपत्रांनी एका गोष्टीचे मुक्तकंठाने कौतुक केले. सर्वस्व गमावलेली माणसे पाण्यासाठी आणि अन्नासाठी शांतपणे रांगेत उभी होती. या वर्तनाचे स्पष्टीकरण म्हणून एक जपानी शब्द वारंवार छापला गेला : 'गामान'. असह्य वाटणारे दुःख तक्रार न करता, संयमाने आणि आब राखून सोसणे, असा त्याचा आज रूढ असलेला अर्थ आहे. मराठीतील 'गमन' या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही.

या शब्दाबरोबर आणखी एक विधान नेहमी केले जाते. गामान हा बौद्ध परंपरेतून, विशेषतः झेन संप्रदायातून आलेला गुण आहे, असे ते विधान होय. बौद्ध वाचकाला ते वाचून संतोष वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'सोसा' हाच उपदेश ऐकावा लागला, त्या समाजातील वाचकाने हे कौतुक चिकित्सेशिवाय स्वीकारता कामा नये. सोसण्याची थोरवी सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्या दोघांमध्ये धम्माचे नाव कोणत्या कामासाठी घेतले जात आहे, हे पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

शब्दाचा उलटा प्रवास

'गामान' हा शब्द दोन चिनी अक्षरांनी लिहिला जातो. पहिल्या अक्षराचा अर्थ 'मी' अथवा 'आत्मा'. दुसऱ्याचा अर्थ 'मान'. हा मान म्हणजे मराठीतील सन्मान नव्हे. पाली व संस्कृत बौद्ध ग्रंथांत स्वतःची इतरांशी तुलना करून 'मी' पणाला घट्ट धरून बसण्याच्या वृत्तीला मान म्हटले आहे. भारतीय ग्रंथांचे चिनी भाषेत रूपांतर होत असताना 'अस्मिमान' अथवा 'आत्ममान' या पारिभाषिक शब्दासाठी ही अक्षरांची जोडी योजली गेली. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात मानाचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अस्मिमान हा एक. योगाचार परंपरेत मनाला सदैव चिकटून राहणाऱ्या चार क्लेशांत आत्ममानाची गणना होते. पाली परंपरेतही मान हे दहा संयोजनांपैकी एक असून ते अर्हतपद प्राप्त होईपर्यंत तुटत नाही.

याचा अर्थ असा, की बौद्ध वाङ्मयात गामान हा गुण नव्हता, तो क्लेश होता. जपानी भाषेत पुढील काळात त्याच्या अर्थाने हळूहळू कूस बदलली. अहंकारी, मग हट्टी, मग कोणापुढे न नमणारा आणि शेवटी वेदना चेहऱ्यावर न दाखविणारा, अशा पायऱ्यांनी जो दोष होता तो गुण झाला. शब्दांचे अर्थ बदलतात. केवळ व्युत्पत्तीच्या आधारे आजच्या आदर्शाला दोषी ठरविणे न्याय्य होणार नाही. परंतु जुना अर्थ एक उपयुक्त प्रश्न मागे ठेवून जातो. सोसणाऱ्याच्या मनात 'मी'ची गाठ सैल होत आहे, की अधिक घट्ट होत आहे?

येथे मानाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. तथागतांच्या उपदेशात मान तीन रूपांनी येतो. मी श्रेष्ठ आहे, मी समान आहे आणि मी हीन आहे. तिसरे रूप विशेष विचार करण्यासारखे आहे. स्वतःला हीन समजणे ही नम्रता नव्हे. तोही मानच होय आणि तोही सोडावयाचा आहे. जो समाज काही माणसांना 'आपण सोसण्यासाठीच जन्मलो' असे मानावयास शिकवितो, तो त्यांना सद्गुण शिकवीत नसून एका क्लेशाचे संगोपन करीत असतो.

दुसरी गोष्ट अशी, की सहनशीलतेच्या पारमितेसाठी जपानी बौद्धांजवळ 'निन्निकु' हा स्वतंत्र शब्द आहे. क्षांति पारमितेचे ते चिनीमार्गे आलेले रूप होय. म्हणजे त्या भाषेने दोन शब्द जपून ठेवले आहेत. त्यांची सरमिसळ गामानला बौद्ध गुण ठरविणाऱ्यांनी केली आहे.

खंति म्हणजे काय

खंति ही दहा पारमितांपैकी एक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांच्या पालनाचा समावेश आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या प्रत्यक्ष आचरणाचा आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी खंतीचे मर्म द्वेषाला द्वेषाने उत्तर न देण्यात आहे, असे सांगितले आहे. या व्याख्येत अन्यायापुढे गप्प राहण्याचा उल्लेख कोठेही नाही. खंतीचा विषय द्वेष आहे. ती सोसणाऱ्याच्या मनाला विषापासून वाचविते. विष देणाऱ्याला संरक्षण देत नाही.

मज्झिम निकायातील सब्बासव सुत्त या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. आस्रव नाहीसे करण्याचे सात मार्ग तेथे सांगितले आहेत. त्यांत सहन करणे, म्हणजे 'अधिवासना', हा एक मार्ग आहे. थंडी, ऊन, भूक, तहान, डास-माश्यांचा उपद्रव, कठोर शब्द, शरीराच्या वेदना या गोष्टी सहन कराव्यात. परंतु त्याच सुत्तात काही आस्रव यथार्थ दर्शनाने, काही टाळण्याने आणि काही दूर सारण्याने नष्ट होतात, असेही सांगितले आहे. पिसाळलेला हत्ती समोर आला असता तेथे उभे राहून सोसण्याचा उपदेश तथागत करीत नाहीत. म्हणजे सहन करणे हे सात औषधांपैकी एक औषध आहे. कोणत्या रोगावर कोणते औषध, हे ओळखणे म्हणजेच प्रज्ञा. सर्व रोगांवर एकच औषध देणारा वैद्य नव्हे.

पुण्णोवाद सुत्तातील भिक्खू पुण्ण यांचे उदाहरण आपल्या भूमीशी निगडित आहे. सुनापरांत प्रदेशातील लोक उग्र आहेत, ते शिव्या देतील, मारतील, प्राणही घेतील, असे तथागतांनी सांगितल्यावरही पुण्ण तेथे जाण्यास सिद्ध झाले. या प्रदेशाचा संबंध परंपरेने सुप्पारक बंदराशी, म्हणजे पालघर जिल्ह्यातील आजच्या सोपाऱ्याशी जोडला आहे. पुण्णांची सहनशीलता त्यांनी स्वतः निवडलेली होती आणि ती एका कार्यासाठी होती. लोकांना धम्म सांगावयाचा होता. त्यांना कोणी सोसावयास भाग पाडले नव्हते. निवडलेली खंति आणि लादलेली मुकाट सहनशीलता यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

छावण्यांतील गामान

गामानचे सर्वांत उदात्त दर्शन जपानच्या बाहेर घडले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून तारेच्या कुंपणाआडच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लोक अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते. त्या वाळवंटी छावण्यांत लोकांनी टाकाऊ लाकडातून खुर्च्या आणि बुद्धपूजेची छोटी देवघरे घडविली. कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या तळातून वेचलेल्या शिंपल्यांची फुले केली. डेल्फिन हिरासुना यांनी या वस्तूंवर 'द आर्ट ऑफ गामान' हे पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१० मध्ये वॉशिंग्टन येथील रेनविक कलादालनात या वस्तूंचे प्रदर्शन भरले.

या कलेपुढे मस्तक नमते. माणसाला क्रमांक देऊन बंद करणाऱ्या व्यवस्थेत त्याने आपले माणूसपण हाताच्या कौशल्याने टिकवून धरावे, हे लहान कार्य नव्हे. तथापि टीकाकाराने येथेच थांबू नये. या सुंदर वस्तूंची एक काळी बाजूही होती, ती म्हणजे मौन. छावण्यांतून बाहेर आलेल्या अनेक मातापित्यांनी आपल्या मुलांना त्या दिवसांविषयी वर्षानुवर्षे काही सांगितले नाही. 'गामान' बरोबर 'शिकाता गा नाइ', म्हणजे 'इलाज नाही', हेही शब्द त्या पिढीच्या तोंडी होते. सोसणे हे संकट तरून जाण्यास उपयोगी पडले. संकटाचे कारण शोधण्यास ते उपयोगी पडले नाही.

हे कारण मौन मोडल्यावरच सापडले. पुढची पिढी प्रश्न विचारू लागली. अमेरिकी संसदेने १९८० मध्ये चौकशी आयोग नेमला आणि १९८१ च्या सुनावण्यांत साडेसातशेहून अधिक साक्षीदार बोलले. अनेकांनी प्रथमच तोंड उघडले होते. वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही या अन्यायाची कारणे होत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. १० ऑगस्ट १९८८ रोजी कायदा होऊन सरकारने क्षमायाचना केली व हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देण्याचे मान्य केले. पहिले आर्यसत्य छावण्यांत सर्वांनी भोगले होते. दुसऱ्या आर्यसत्यापर्यंत, म्हणजे दुःखाच्या कारणापर्यंत, पोहोचण्यास चाळीस वर्षे लागली.

विहाराच्या नोंदवहीतील अवमान

जपानमध्ये सर्वांत अधिक सोसण्याचा उपदेश ज्यांना झाला ते बुराकू समाजाचे लोक. कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशा कामांमुळे त्यांना अस्पृश्य ठरविण्यात आले होते. १८७१ मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला, पण व्यवहारात राहिला. शिमाझाकी तोसोन यांची 'हाकाइ' ही कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक उशिमात्सु हा तरुण शिक्षक आहे. आपला जन्म कोणत्याही परिस्थितीत उघड करू नकोस, अशी आज्ञा त्याच्या वडिलांनी त्याला दिलेली असते. शेवटी तो ती मोडतो आणि विद्यार्थ्यांसमोर सत्य सांगतो. परंतु सांगताना तो गुडघे टेकून त्यांची क्षमा मागतो. कादंबरीच्या अखेरीस तो अमेरिकेतील टेक्सासच्या वाटेवर आहे.

या कलाकृतीचे मोठेपण मान्य करूनही विचारावे लागते : क्षमा कोणी कोणाची मागावयाची? अन्याय सोसणाऱ्यानेच गुडघे टेकावेत, ही कल्पना लेखकाला स्वाभाविक वाटली, कारण त्याच्या काळाला ती स्वाभाविक वाटत होती. 'मी हीन आहे' हा मानाचा तिसरा प्रकार येथे कथेच्या शिखरावर उभा आहे.

सोळा वर्षांनी, ३ मार्च १९२२ रोजी, क्योतो येथे 'सुइहेइशा' या संघटनेची स्थापना झाली आणि बुराकू लोकांनी आपले उत्तर दिले. तिच्या जाहीरनाम्याने दयेवर आधारलेल्या सुधारणेला नकार दिला आणि माणसाला माणूस म्हणून आदर मिळावा, अशी मागणी केली. ज्या नावाने आपल्याला हिणविले गेले, त्याच नावाचा अभिमान बाळगण्याची वेळ आली आहे, असे त्यात सांगितले होते. हा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे जोदो शिन पंथाच्या एका विहारात जन्मलेले होते. आरंभीच संघटनेने ज्यांना जाब विचारला त्यांत त्याच पंथाचे दोन्ही मुख्य मठ होते, हे विसरता येणार नाही.

कारण विहारांचा दोष लहान नव्हता. जपानमध्ये मृताला विहाराकडून धम्मनाम देण्याची प्रथा आहे. अनेक विहारांनी बुराकू मृतांना 'पशू', 'दास', 'हीन' अशा अर्थाच्या अक्षरांची नावे दिली. ती नोंदवह्यांत लिहिली आणि थडग्यांच्या दगडांवर कोरली. 'चांडाळ' हा आपल्याकडचा शब्द ग्रंथांबरोबर प्रवास करीत जपानला पोहोचला व 'सेंदारा' या रूपात बुराकू लोकांसाठी वापरला गेला. तुमची आजची अवस्था मागील जन्मीच्या पापाचे फळ आहे, म्हणून ती सोसा, असे प्रवचनांत सांगितले गेले. पूर्वकर्माचा हा सिद्धांत समाजाला आणि राज्याला दुबळ्यांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून मोकळे करतो, म्हणून तो बुद्धांचा असू शकत नाही, असे बाबासाहेबांनी प्रतिपादन केले आहे. जपानच्या विहारांतील नोंदवह्या त्या प्रतिपादनाचा पुरावा ठरतात.

१९७९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या एका प्रमुख अधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभाव नाही, असे विधान केले. बुराकू संघटनांनी त्याला आक्षेप घेतला. त्या पंथाला आपले ग्रंथ, प्रवचने आणि थडगी तपासावी लागली आणि १९८४ मध्ये ते विधान जाहीरपणे मागे घेण्यात आले. याच पंथाच्या कोमाझावा विद्यापीठातील हाकामाया नोरिआकी आणि मात्सुमोतो शिरो या विद्वानांनी पुढे आपल्याच परंपरेची कठोर चिकित्सा केली. सर्वजण मुळातच बुद्ध आहेत असे म्हणून प्रत्यक्षातील विषमता जशीच्या तशी ठेवणारा विचार प्रतीत्यसमुत्पादाच्या विरोधी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. धम्माची सर्वांत प्रखर चिकित्सा धम्माच्या घरातूनच झाली, ही समाधानाची बाब होय.

दुःखसागराचे पुस्तक

क्युशू बेटावरील मिनामाता या गावी चिस्सो कंपनीचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यातील पारा समुद्रात, समुद्रातून माशांत आणि माशांतून कोळ्यांच्या शरीरांत गेला. या रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी १९५९ मध्ये मांजरावर केलेल्या प्रयोगातून कारखान्याचे पाणीच कारण असल्याचे दिसून आले होते. कंपनीने तो निष्कर्ष दडपला. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला रुग्णांशी एक करार करण्यात आला. थोडी 'सहानुभूतीची रक्कम' घ्यावयाची आणि पुढे कारखाना दोषी ठरला तरी अधिक भरपाई मागावयाची नाही, अशी त्याची अट होती. मुकाट सोसणे येथे कायदेशीर कागदावर लिहून घेतले गेले. सरकारने कारण मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले आणि तो करार रद्दबातल केला.

इशिमुरे मिचिको यांनी या रुग्णांवर 'कुगाइ जोदो' हा ग्रंथ लिहिला. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. 'कुगाइ' म्हणजे दुःखसागर, 'जोदो' म्हणजे शुद्धभूमी. शीर्षकातील दोन्ही शब्द बौद्ध आहेत. ग्रंथातील कोळ्यांची सर्वच मनोगते प्रत्यक्ष नोंदविलेली नाहीत. बोलू न शकणाऱ्यांच्या मनातले लेखिकेने त्यांच्या बोलीत लिहिले आहे. काटेकोर वार्तांकनाची अपेक्षा ठेवणाऱ्याला हा दोष वाटेल. पण ज्यांची वाचाच पाऱ्याने हिरावून घेतली, त्यांच्या मौनाला सद्गुण न म्हणता भाषा देणे, हे या ग्रंथाचे खरे कार्य आहे.

नोव्हेंबर १९७० मध्ये रुग्णांनी कंपनीचा एकेक समभाग विकत घेतला आणि ते ओसाका येथील भागधारकांच्या सभेत शिरले. अंगावर बौद्ध यात्रेकरूंची पांढरी वस्त्रे होती, मुखी यात्रेची भजने होती. आणि आंदोलनाच्या काळ्या निशाणांवर एकच अक्षर होते, त्याचा अर्थ 'रोष' अथवा 'वैर'. येथे प्रामाणिक वाचकाला प्रश्न पडेल. वैर हे तर खंतीच्या विरुद्ध टोकाला आहे; मग हे आचरण धम्माला धरून होते काय? उत्तर असे द्यावे लागते, की वैराच्या पलीकडे जाणे हे रुग्णाचे स्वतःचे साधनाकार्य आहे. ते त्याने आपल्या वेळी, आपल्या बळावर करावयाचे असते. अपराध करणाऱ्याला त्याची मागणी करण्याचा अधिकार नाही.

आणि ते कार्य घडलेही. ओगाता मासातो या कोळ्याचे वडील १९५९ मध्ये याच रोगाने गेले. ओगाता अनेक वर्षे आंदोलनात अग्रभागी होते. १९८५ मध्ये त्यांनी रुग्ण म्हणून मान्यता मिळण्याचा आपला अर्ज मागे घेतला. चिस्सो आपल्याही आत आहे, आपणही त्याच यंत्रयुगाचे भाग आहोत, असे ते पुढे म्हणाले. हे गामान नव्हे. आधी त्यांनी अन्यायाचे नाव घेतले, अपराध्याला समोर उभे केले. नंतर स्वतःच्या मनातील मानाकडे पाहिले. हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा केला की खंतीची गुलामगिरी होते.

समारोप

२०११ च्या त्सुनामीने फुकुशिमा येथील अणुकेंद्रात दुर्घटना घडली. जपानी संसदेच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने जुलै २०१२ मध्ये ती मानवनिर्मित असल्याचे सांगितले. अहवालाच्या इंग्रजी प्रस्तावनेत अध्यक्षांनी आज्ञाधारकपणा आणि अधिकाऱ्यांना प्रश्न न विचारणे या जपानी संस्कृतीच्या सवयींवर दोष ठेवला. त्यावर, संस्कृतीला दोषी धरल्याने निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची जबाबदारी पुसट होते, अशी टीकाही झाली. ती टीका रास्त आहे. ज्या संस्कृतीचे मार्चमध्ये कौतुक झाले, तिच्यावरच पुढील वर्षी खापर फुटले. दोन्ही वेळा कारणे आणि माणसे दृष्टीआड झाली.

म्हणून सोसण्याच्या कोणत्याही आदर्शाला, तो जपानचा असो वा आपल्या खेड्यातला, तीन प्रश्न विचारावेत. हे सोसणे सोसणाऱ्याने निवडले आहे की त्याच्यावर लादले आहे? त्यातून दुःखाच्या कारणाचा शोध चालू राहतो की बंद होतो? आणि मनातील द्वेष व हीनभाव त्याने कमी होतात की वाढतात? तिन्ही प्रश्नांना जे सोसणे उतरते ती खंति. २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. पण पाण्यावरचा हक्क सोडला नाही आणि न्यायालयाची वाटही सोडली नाही. क्योतोच्या त्या सभेनंतर पाच वर्षांनी, त्या सभेशी कोणताही संबंध नसताना, चवदार तळ्याच्या काठी खंतीचा हाच अर्थ आचरणात आला होता.

रांगेत शांतपणे उभ्या राहिलेल्या त्या आपद्‌ग्रस्तांविषयी आदर बाळगावा. मात्र त्यांच्या शांततेचे कौतुक करून मोकळे होणाऱ्यांना आठवण द्यावी, की तथागतांनी दुःख सांगितल्यावर लगेच त्याचे कारणही सांगितले.